‘बोगस’ या एका शब्दाचा खटला



मानदुखी व कंबरदुखीवरील आपली लेखमाला गेल्या महिन्यात संपली. त्यानंतर बरीच पत्रे आली. बहुतेकांत आपापल्या दुखण्याविषयी विचारणा होती. एका निवृत्त गुरुजींचे पत्र मात्र वेगळे होते. ते लिहितात, ‘‘डॉक्टरसाहेब, ‘काही उपचारांना शास्त्रीय आधार नाही’, ‘काही जाहिराती दिशाभूल करतात’ असे वर्तमानपत्रांत नेहमी वाचतो. पण कोणता उपचार, कोणाची जाहिरात, हे नाव घेऊन लिहिणारे इतके थोडे का? आम्ही सामान्य माणसांनी ओळखायचे कसे?’’

गुरुजींचा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर वैद्यकाच्या पुस्तकापेक्षा कायद्याच्या पुस्तकात अधिक सापडते. एखाद्या उपचारपद्धतीवर किंवा ध्यान-योगाच्या एखाद्या मोठ्या संस्थेवर टीका करणाऱ्या पत्रकारांना जगभर न्यायालयात खेचले गेले आहे. आरोग्याच्या सदरात हा विषय कशाला, असे कोणाला वाटेल. पण एखादे औषध घ्यावे की नाही हे आपण ज्या माहितीवर ठरवतो, ती माहिती कोणीतरी लिहिलेली असते. लिहिणाऱ्याचा हात आखडला, तर तोटा रुग्णाचा होतो. म्हणून आज तीन खटल्यांचा अभ्यास करू आणि त्यातून आपल्या कामाचे काय निघते ते पाहू.

मत आणि विधान

आधी एक फरक समजून घेतला पाहिजे. ‘अमुक हॉटेलातली मिसळ बेचव असते’ असे मी म्हटले, तर ते माझे मत झाले. ते मालकाला आवडणार नाही, पण मत बाळगण्याचा मला हक्क आहे. ‘त्या हॉटेलात कालची शिळी तर्री गरम करून वाढतात’ असे म्हटले, तर ते वस्तुस्थितीचे विधान झाले. मालकाने दावा लावला, तर तर्री शिळी होती हे मला सिद्ध करावे लागेल.

बदनामीच्या बहुतेक दाव्यांचे मर्म या फरकात असते. लेखकाने मत दिले की वस्तुस्थिती सांगितली? वस्तुस्थिती सांगितली असेल, तर ती कोणी सिद्ध करायची? इंग्लंडच्या कायद्यात हे ओझे लिहिणाऱ्यावर असते. अमेरिकेत १९६४ सालच्या ‘न्यूयॉर्क टाइम्स विरुद्ध सुलिव्हन’ या निकालापासून परिस्थिती पत्रकारांना अधिक अनुकूल झाली. या निकालाने सार्वजनिक अधिकाऱ्याला, आणि पुढच्या निकालांनी इतर प्रसिद्ध व्यक्तींनाही, मजकूर खोटा होता एवढे दाखवून भागत नाही. तो खोटा आहे हे ठाऊक असताना, किंवा खऱ्याखोट्याची पर्वा न करता छापला, हेही दाखवावे लागते. तरीसुद्धा दावा लावण्यापासून कोणी कोणाला रोखू शकत नाही. पहिला खटला अमेरिकेतलाच आहे.

पहिला खटला : ध्यान, काढे आणि १९ कोटी डॉलर

महर्षी महेश योगी यांचे ‘भावातीत ध्यान’ आपल्यापैकी अनेकांना ऐकून माहीत असेल. १९६८ साली बीटल्स हा इंग्लिश वाद्यवृंद त्यांच्या ऋषिकेशच्या आश्रमात येऊन राहिला आणि महर्षींचे नाव जगभर झाले. पुढे ध्यानाच्या जोडीला ‘महर्षी आयुर्वेद’ या नावाने औषधे, रसायने व उपचार यांचाही प्रसार होऊ लागला.

मे १९९१ मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या ‘जामा’ या प्रतिष्ठित नियतकालिकात महर्षी आयुर्वेदाची भलामण करणारा लेख प्रसिद्ध झाला. डॉ. दीपक चोप्रा, डॉ. हरी शर्मा व दिल्लीचे वैद्य बृहस्पती देव त्रिगुणा हे त्याचे लेखक होते. अशा नियतकालिकांचा एक दंडक असतो. लेखकाचा त्या उपचाराशी आर्थिक संबंध असेल, तर तो आधीच सांगावा लागतो. कारण उघड आहे. खतविक्रेत्याने खताची स्तुती केली, तर शेतकरी ती जरा वेगळ्या कानाने ऐकतो. या लेखकांचे संबंध महर्षी आयुर्वेदाचा प्रसार व विक्री करणाऱ्या संस्थांशी होते आणि ते लेख देताना उघड केले गेले नव्हते, असे नंतर लक्षात आले. ऑगस्ट १९९१ मध्ये संपादकांनी तसा खुलासा छापला.

त्यानंतर २ ऑक्टोबर १९९१ च्या अंकात नियतकालिकाचे पत्रकार अँड्र्यू स्कॉलनिक यांचा सविस्तर शोधलेख आला. महर्षी आयुर्वेदामागची विक्रीची व प्रसिद्धीची यंत्रणा कशी चालते, हे त्यात मांडले होते. १९९२ मध्ये डॉ. चोप्रा व चळवळीशी संबंधित दोन संस्थांनी स्कॉलनिक, संपादक डॉ. जॉर्ज लुंडबर्ग व अमेरिकन वैद्यक संघटना यांच्यावर बदनामीचा दावा लावला. भरपाईची मागणी होती १९ कोटी ४० लाख डॉलरची.

मार्च १९९३ मध्ये हा दावा काढून टाकण्यात आला. वादींचा पुन्हा दावा लावण्याचा हक्क त्यात राखून ठेवलेला होता. म्हणजे लेखातला मजकूर खरा की खोटा, याचा न्यायालयात फैसला झालाच नाही. वाचकांनी इथे एक गोष्ट टिपून ठेवावी. दावा दाखल होण्याची बातमी मोठी होते, तो निघून गेल्याची लहान. त्यामुळे ‘त्या लेखावर खटला झाला होता’ एवढेच लोकांच्या लक्षात राहते आणि लेखच खोटा असावा असा समज रुजतो.

आणखी एक सांगायला हवे. स्कॉलनिक यांचा लेख वाचून ‘ध्यान निरुपयोगी’ असा अर्थ काढणे बरोबर नाही. ध्यानाचा अभ्यास स्वतंत्रपणे झालेला आहे. २०१४ साली अमेरिकेतील एका समितीने ध्यानावरील ४७ चाचण्या, म्हणजे एकूण ३,५१५ माणसांवरचे निष्कर्ष, एकत्र तपासले. चिंता, उदासीनता व दुखणे यांत सजग ध्यानाने थोडा लाभ होतो असे त्यात दिसले. मात्र व्यायाम किंवा औषधे यांच्यापेक्षा ध्यान सरस आहे, असा पुरावा मिळाला नाही. मी स्वतः रक्तदाबाच्या रुग्णांना सकाळी दहा मिनिटे शांत बसायला सांगतो. गोळी बंद करायला सांगत नाही.

दुसरा खटला : मणके आणि ‘बोगस’

हा खटला आपल्या मणक्यांच्या लेखमालेशी थेट जोडलेला आहे, म्हणून थोडा विस्ताराने सांगतो.

कायरोप्रॅक्टिक ही मणके हाताने दाबून ‘बसवण्याची’ उपचारपद्धती. डॅनियल डेव्हिड पामर या गृहस्थांनी १८९५ साली अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या डॅव्हनपोर्ट गावी ती सुरू केली. त्याआधी ते चुंबकशक्तीने उपचार करीत. इमारतीत काम करणाऱ्या एका माणसाची पाठ दाबल्यावर त्याला पुन्हा ऐकू येऊ लागले, असा त्यांचा दावा होता. त्यावरून १०० पैकी ९५ रोग जागचे हललेल्या मणक्यांमुळे होतात, असा सिद्धांत त्यांनी मांडला. आज कंबरदुखीत या पद्धतीचा काही जणांना व्यायामाइतका किंवा वेदनाशामक गोळीइतका उपयोग होतो, हे मान्य आहे. प्रश्न पाठीपलीकडच्या रोगांचा आहे.

सायमन सिंग हे इंग्लंडमधील विज्ञानलेखक. त्यांचे आईवडील पंजाबातून तिकडे गेलेले. सिंग यांनी भौतिकशास्त्रात डॉक्टरेट मिळवली आणि फर्माच्या प्रमेयावरील त्यांचे पुस्तक जगभर गाजले. १९ एप्रिल २००८ रोजी ‘गार्डियन’ या दैनिकात त्यांचा लेख आला. ब्रिटिश कायरोप्रॅक्टिक संघटना तान्ह्या बाळांचे पोटदुखीचे रडणे, दूध नीट न पिणे, वारंवार कान फुटणे, दमा अशा तक्रारींवर आपल्या पद्धतीचा उपयोग होतो असे सांगते. त्याला पुरावा नाही, आणि तरी ती या ‘बोगस’ उपचारांचा प्रसार खुशाल करते, असे त्यांनी लिहिले.

दैनिकाने संघटनेला उत्तर छापण्यासाठी जागा देऊ केली. संघटनेने ती नाकारली आणि दावा लावला. तोही दैनिकावर नव्हे, तर एकट्या सिंग यांच्यावर. हा बारकावा महत्त्वाचा आहे. दैनिकाजवळ वकील असतात, पैसा असतो. लेखकाजवळ राहते घर असते.

‘बोगस’ हा शब्द आपल्या चांगलाच ओळखीचा. बोगस मतदार, बोगस बियाणे, बोगस डॉक्टर असे आपण रोज वाचतो. त्यात दोन छटा आहेत. बियाणे बोगस म्हणजे ते उगवत नाही. मग ते विकणाऱ्याला ठाऊक असो वा नसो. बोगस डॉक्टर म्हणजे मात्र पदवी नसताना जाणूनबुजून फसवणारा माणूस. सिंग यांच्या खटल्याचा सगळा भार या दोन छटांवर पडला. मे २००९ मध्ये न्यायमूर्ती ईडी यांनी दुसरी छटा धरली. उपचार निरुपयोगी आहेत हे माहीत असूनही संघटना त्यांचा प्रसार करते, असा आरोप सिंग यांनी केला आहे आणि ते वस्तुस्थितीचे विधान आहे, असे त्यांनी ठरवले. म्हणजे संघटनेची नियत खोटी होती हे सिंग यांनी सिद्ध करायचे! दुसऱ्याच्या मनात काय होते, हे कोण कसे सिद्ध करणार? शिवाय आपल्याला तसे म्हणायचेच नव्हते, असे सिंग सांगत होते.

अशा वेळी बहुतेक लेखक माफीनामा छापून मोकळे होतात. सिंग यांनी अपील केले. जून २००९ मध्ये ‘विज्ञानातील वादांत बदनामीचा कायदा आणू नका’ अशी मोहीम सुरू झाली. त्याच महिन्यात संघटनेने आपला पुरावा म्हणून २९ संदर्भांची यादी प्रसिद्ध केली. पुढच्याच महिन्यात डॉ. एड्झार्ड अर्न्स्ट यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये तिची छाननी केली आणि संघटनेच्या दाव्यांना ती आधार देत नाही असे दाखवले. वास्तविक जो वाद पहिल्या दिवशी व्हायला हवा होता, तो वर्षभराने झाला. ‘तुमचा पुरावा दाखवा’, ‘हा पाहा’, ‘तो पुरेसा नाही’. विज्ञानातली भांडणे अशीच मिटतात.

१ एप्रिल २०१० रोजी अपील न्यायालयाने निकाल दिला. तिघा न्यायाधीशांच्या पीठाचे प्रमुख सरन्यायाधीश होते, आणि गंमत म्हणजे त्यांचे आडनावच ‘जज’. सिंग यांनी उपलब्ध पुराव्याविषयी आपले मत दिले आहे आणि ते देण्याचा त्यांना हक्क आहे, असे न्यायालयाने ठरवले. वैज्ञानिक मतभेदांत खरे-खोटे ठरवण्याचे काम न्यायालयाच्या गळ्यात मारू नये, असेही बजावले. दैनिकाने देऊ केलेली उत्तराची जागा नाकारून एकट्या लेखकावर दावा लावल्यामुळे टीकाकाराचे तोंड बंद करण्याचा हा प्रयत्न आहे असे वाटते, अशा अर्थाचा शेराही निकालपत्रात आहे. दोन आठवड्यांनी, १५ एप्रिलला, संघटनेने दावा मागे घेतला.

सिंग जिंकले. पण तोवर दोन वर्षे गेली होती आणि खर्च सुमारे दोन लाख पौंडांवर, म्हणजे त्या वेळच्या दराने सव्वा कोटी रुपयांच्या वर गेला होता. तोही मुख्य खटला सुरू होण्याआधीच. फक्त काही शब्दांचा अर्थ ठरवण्यासाठी.

या खटल्याने जागी झालेली जनता पुढे स्वस्थ बसली नाही. इंग्लंडच्या संसदेने २०१३ साली बदनामीचा नवा कायदा केला आणि तो १ जानेवारी २०१४ पासून अमलात आला. आता दावा लावणाऱ्याला आपल्या नावाचे गंभीर नुकसान झाल्याचे दाखवावे लागते. प्रामाणिक मत आणि सार्वजनिक हित या बचावांना कायद्याचा स्पष्ट आधार मिळाला. तज्ज्ञांनी तपासून छापलेल्या शास्त्रीय लेखांनाही संरक्षण मिळाले.

तिसरा खटला : जीवनसत्त्वे आणि एड्स

पहिल्या दोन खटल्यांत वाद शब्दांचा व पैशांचा होता. तिसऱ्यात माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे.

मथायस राथ हे जर्मन डॉक्टर जीवनसत्त्वांच्या गोळ्यांचे मोठे विक्रेते. दक्षिण आफ्रिकेत एड्सची साथ भरात असताना एड्सवरील आधुनिक औषधे विषारी आहेत आणि जीवनसत्त्वांनी रोगाला आळा बसतो, असा प्रचार त्यांनी जाहिरातींतून केला. केप टाउनजवळच्या खायेलित्शा या गरीब वस्तीत त्यांच्या संस्थेतर्फे रुग्णांना अशा गोळ्या दिल्या गेल्या. त्या काळात तिथले सरकारच आधुनिक औषधे देण्यात चालढकल करीत होते. २००० ते २००५ या काळातल्या सरकारी दिरंगाईमुळे ३ लाख ३० हजारांहून अधिक माणसे दगावली, असा अंदाज हार्वर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ साली मांडला. हा दोष सरकारी धोरणाचा, एकट्या राथ यांचा नव्हे. पण ‘औषध सोडा, गोळ्या घ्या’ हा प्रचार कोणत्या आगीत तेल ओतत होता, ते या आकड्यावरून कळेल.

डॉ. बेन गोल्डएकर हे ‘गार्डियन’मध्ये विज्ञानातील थापा उघड करणारे साप्ताहिक सदर लिहीत. २००७ साली त्यांनी राथ यांच्यावर लिहिले. राथ यांनी डॉक्टरांवर व दैनिकावर दावा लावला. या वेळी दैनिक लेखकाच्या पाठीशी उभे राहिले. जून २००८ मध्ये केप टाउनच्या उच्च न्यायालयाने राथ यांचे रुग्णांवरील प्रयोग बेकायदा ठरवले. सप्टेंबर २००८ मध्ये राथ यांनी इंग्लंडमधला दावा सोडून दिला. त्यांना खर्चापोटी सुरुवातीला २ लाख २० हजार पौंड भरण्याचा हुकूम झाला. दैनिकाचा एकूण खर्च पाच लाख पौंडांच्या घरात गेला होता.

या काळात गोल्डएकर यांचे पुस्तक छापून आले, ते राथ यांच्यावरील प्रकरण गाळूनच. खटला चालू असताना ते छापता येत नव्हते. २००९ च्या आवृत्तीत ते घातले गेले. खटल्याचा खरा परिणाम असा दिसतो. गाळलेले पान वाचकाला दिसत नाही आणि आपल्याला काय कळले नाही, हेही त्याला कळत नाही.

दोष एकाच पंथाचा नव्हे

‘म्हणजे ॲलोपॅथीवाले सोवळे आणि बाकीचे ओवळे, असेच ना?’ असे कोणी विचारील. तसे मुळीच नाही. डॉ. पीटर विल्म्सहर्स्ट या इंग्लिश हृदयरोगतज्ज्ञाने २००७ साली, हृदयातील छिद्र बुजवून अर्धशिशी बरी करण्याच्या एका चाचणीवर टीका केली. ते उपकरण बनवणाऱ्या अमेरिकन कंपनीने त्यांच्यावर इंग्लंडमध्ये दावा लावला. २०११ साली कंपनी बुडाली, तेव्हाच तो संपला. तात्पर्य, ज्याला पुराव्याने उत्तर देणे जड जाते, तो वकिलामार्फत उत्तर देतो. मग त्याच्या दुकानावर पाटी कोणत्याही पंथाची असो.

याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. अब्रू ही मोठी ठेव आहे. एखाद्या प्रामाणिक वैद्यावर किंवा डॉक्टरवर खोटे आरोप छापून आले, तर त्याने न्यायालयात जाऊ नये काय? जरूर जावे. बदनामीचा कायदा त्यासाठीच आहे. फरक ओळखायची खूण सोपी आहे. ‘मी रुग्णाकडून पैसे घेऊन पळालो, असे खोटे लिहिले’ ही तक्रार न्यायालयाची. ‘माझ्या औषधाने गुण येत नाही असे लिहिले’ ही तक्रार प्रयोगाने सोडवायची.

आपल्याकडचा कायदा

आपल्या देशात बदनामी हा दिवाणी दाव्याचा विषय तर आहेच, शिवाय तो फौजदारी गुन्हाही आहे. इंग्लंडने ही फौजदारी तरतूद २०१० पासून रद्द केली. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ती मे २०१६ मध्ये वैध ठरवली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये ती आहे. दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही किंवा समाजसेवा अशी शिक्षा होऊ शकते. मात्र लोकहितासाठी केलेले खरे विधान त्यातून वगळलेले आहे. दिवाणी दाव्यांत मजकूर प्रसिद्धीपूर्वीच थांबवण्याचा मनाई हुकूम मागितला जातो. असे हुकूम अपवादानेच द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये सांगितले आहे.

आता गुरुजींच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. सामान्य माणसाने ओळखायचे कसे? त्यासाठी पत्रकाराची वाट पाहण्याची गरज नाही. १९५४ सालचा औषधे व जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा आपल्या हाती आहे. त्याच्या परिशिष्टात ५४ रोग व अवस्था दिल्या आहेत. मधुमेह, कर्करोग, मोतीबिंदू, अपस्मार, पांढरे कोड, मुतखडा, पक्षाघात, लठ्ठपणा, वंध्यत्व, इतकेच काय उंची वाढवणेसुद्धा त्यात आहे. हे रोग औषधाने बरे होतात अशी जाहिरात करायलाच बंदी आहे. मंत्र, ताईत, कवच यांच्या जाहिरातींनाही तीच बंदी आहे. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत, पुढच्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. जाहिरात छापण्यात भाग घेणाराही या कायद्याच्या कक्षेत येतो. म्हणजे आम्ही वर्तमानपत्रवालेही त्यातून सुटलेलो नाही, हे इथेच सांगून टाकतो.

आपण जाहिरातीचे कात्रण तारखेसह जपून ठेवावे व जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासन कार्यालयात लेखी तक्रार द्यावी. पोच घ्यायला विसरू नये. तक्रारीत ‘हे चोर आहेत’ असे लिहू नये. ‘अमुक तारखेच्या जाहिरातीत मधुमेह मुळापासून बरा करतो असे म्हटले आहे’ एवढेच लिहावे. जे छापले आहे तेच सांगितले, तर बदनामीची भीती राहत नाही आणि तक्रारही पक्की होते.

लक्षात ठेवा

१) तान्ह्या बाळाचे संध्याकाळचे रडणे तीन-चार महिन्यांत बहुधा आपोआप थांबते. त्या काळात केलेला कोणताही उपाय ‘लागू’ पडल्यासारखा वाटतो. बाळाची मान किंवा पाठ कोणाकडूनही दाबून, मोडून घेऊ नका. ताप, उलट्या किंवा अंगावर न पिणे असेल, तर त्वरित डॉक्टरांना दाखवा.

२) सलूनमध्ये दाढी झाल्यावर मान ‘कडकड’ मोडून घेण्याची सवय सोडा. मानेच्या मणक्यांतून मेंदूकडे रक्तवाहिन्या जातात. जोराच्या झटक्यानंतर क्वचित त्यांचे अस्तर फाटल्याचे व पक्षाघात झाल्याचे आढळले आहे. मान मोडल्यावर चक्कर, बोलताना अडखळणे किंवा हातापायात कमजोरी आल्यास वेळ न घालवता रुग्णालय गाठा.

३) उपचार देणाऱ्याला तीन प्रश्न विचारा. याचा पुरावा काय? यात धोका काय? चालू औषधे बंद करायची का? तिसऱ्याचे उत्तर ‘हो’ आले, तर आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांशी बोला.

४) प्रश्न विचारल्यावर जो समजावून सांगतो, त्याच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. जो रागावतो किंवा ‘श्रद्धा ठेवा’ म्हणतो, त्याच्यापासून जपून राहा.

५) एखाद्या लेखावर खटला झाला म्हणून तो खोटा ठरत नाही, आणि एखादा लेख छापून आला म्हणून तो खरा ठरत नाही. हे माझ्या लेखांनाही लागू आहे.

सिंग यांच्याजवळ दोन वर्षे झुंजण्याचे बळ होते आणि गोल्डएकर यांच्यामागे मोठे दैनिक होते. प्रत्येक लिहिणाऱ्याजवळ ते असेलच असे नाही. म्हणून लिहिणाऱ्याने मोजूनमापून, पण स्पष्ट लिहावे आणि वाचणाऱ्याने स्वतः प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी.

(पुढील आठवड्यात : तान्ह्या बाळाचे रडणे – केव्हा थांबावे, केव्हा धावावे)